दारातला हात

अणुभट्टीचा विषारी कचरा खोल खड्ड्यात पुरून झाला आणि त्यावर बसवायची खूण कोरायचं काम पाथरवटाकडे आलं. लाखभर वर्षांनी तिथे येणाऱ्यालाही कळलं पाहिजे, की इथे खणू नये.

"अक्षरं नकोत," इंजिनियरबाई म्हणाल्या. "तेव्हा आपली भाषा कोण वाचणार? माणूस तरी असाच राहिलेला असेल का, कुणी सांगावं."

"मग उभा तळहात कोरतो, बाई. तो दिसला की कुणीही जागच्या जागी थांबेल."

त्याने घरीच अंगणात दगड घडवायला घेतला. काम संपत आलं तेव्हा बायको चहा घेऊन आली आणि बघतच राहिली.

"अहो, हा तर आपल्या दारातल्या आशीर्वादासारखाच झालाय."

"काहीतरीच काय. हा आशीर्वाद नाही. हा म्हणतोय, मागे फिर."

बोलून गेला, आणि छिन्नी हातातच राहिली. दाराशेजारी भिंतीत बसवलेला तो जुनाट दगड त्याच खड्ड्याच्या तळाशी निघाला होता. मजूर फेकून द्यायला निघाले होते. एवढा सुंदर कोरलेला तळहात, म्हणून यानेच हौसेने घरी आणला होता.

इतक्यात लेक शाळेला निघाली. जाताना तिने रोजच्यासारखा आपला तळहात त्या दगडी तळहातावर टेकवला, बोटाला बोट जुळवलं.

तिची बोटं संपली, तरी दगडाचं एक बोट उरलंच.