उसनं ऊन

"ये गं, ऊन वाया चाललंय!"

लहानपणी ही हाक ऐकली की लेक हातातलं टाकून पळत सुटायची. दारातल्या पायरीवर आई बसलेली असायची, केस मोकळे सोडून, मांडीवर फणी. शेजारी जाऊन टेकायचं, ऊन खायचं, बोलायचं काहीच नाही. पुढे घरं बदलली आणि ती हाक कुठे राहून गेली, कोण जाणे.

आज ती आठवली आईची बॅग भरताना. दुपारी दादा गाडी घेऊन येणार होता आणि आई कायमची त्याच्याकडे राहायला जाणार होती. दादाच्या घराला पुढे अंगण, मागे अंगण. इथे चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि खिडकीला नाक लावून उभी असलेली समोरची इमारत. आली त्याच दिवशी आई म्हणाली होती, "या खुराड्यात जीव घुसमटतो गं." लेकीने ते मनाला लावून घेतलं होतं. 'राहा' हा शब्द कितीदा तिच्या ओठांवर आला. पण उन्हात वाढलेल्या बाईला या अंधारात कोंडायचं कोणत्या तोंडाने? शेवटी तिनेच दादाला फोन केला. आई नुसतं "बरं" म्हणाली होती.

एक शाल बॅगेत ठेवली, दुसरी लेकीने हळूच स्वतःच्या उशीखाली सरकवली.

"ये गं, ऊन वाया चाललंय!"

तिने दचकून मान वर केली. या वेळी हाक स्वयंपाकघरातून आली होती.

बॅग उचलून ती तशीच दारात जाऊन उभी राहिली. फ्रीज आणि भिंतीच्या बेचक्यात स्टूल घालून आई बसली होती. केस मोकळे. आणि तिच्या खांद्यावर, गालावर, मांडीवरच्या फणीवर ऊन. चांगलं पिवळंधमक, ताटाएवढं ऊन.

"हे कुठून आलं?"

"उसनं आहे," आई म्हणाली. "समोरच्या टकलोबाकडून घेते रोज. तू असतेस कुठे बघायला?"

खरंच होतं. भिंगं घासायच्या कारखान्यात लेकीची सकाळची पाळी. उजाडायच्या आत ती घराबाहेर पडायची. आज आईला निरोप द्यायचा म्हणून रजा काढली होती.

तिने खिडकीतून पाहिलं. समोरच्या इमारतीच्या माथ्यावर ऊन पडलं होतं. तिथल्या एका खिडकीची काच अर्धवट उघडी होती, आणि तिच्यावर आपटून उन्हाचा तुकडा थेट यांच्या घरात उडी मारत होता. काचेमागे बनियनमधला एक टकला माणूस कप घेऊन उभा होता.

"रात्रभर पाव भाजतो बेकरीत," आई म्हणाली. "आला की पडदा ओढून झोपायचं असतं बिचाऱ्याला. पण माझा चहा संपेपर्यंत पडदा ओढत नाही."

"तू बोलतेस त्याच्याशी?"

"बोलायचंय काय त्यात? एकदा ऊन पायावर पडत होतं, मी हाताने खुणावलं, जरा वर. त्याने केलं वर. झाली ओळख."

मग आईने समोर पाहून दोन बोटं दाखवली, आणि शेजारी जमिनीवर थाप मारली. टकल्याने मान वाकडी करून पाहिलं, कप खाली ठेवला आणि खिडकीचं दुसरं दार ढकललं. ऊन भिंतीवरून घसरलं, फ्रीजवर चढलं, जरा चाचपडलं आणि अलगद लेकीच्या पावलांवर येऊन बसलं. कोमट होतं. ती न बोलता खाली टेकली.

"ताई!" समोरून आवाज आला. "बॅग दिसतेय. कुठे दौरा?"

"लेकाकडे जाते!"

"परत कधी?"

आईने हवेत नुसता हात उडवला. टकल्याने डोक्यावरून हात फिरवला.

"चला, बरं झालं! आता मला झोप तरी मिळेल!" तो मोठ्याने हसला. आईही हसली. मग तिने स्टुलाशेजारच्या आपल्या चहाच्या कपात पाहिलं. कप केव्हाच रिकामा झाला होता.

"आई, तुला इथे आवडतं?"

"आता विचारतेस होय?"

"तूच म्हणाली होतीस, जीव घुसमटतो."

"अगं बये, चार मजले चढून आले होते मी! धाप लागल्यावर माणूस काय गाणं म्हणेल?"

लेकीला हसू आलं आणि ते मधेच अडकलं. "मग दादाकडे जायला 'बरं' का म्हणालीस?"

आई फणीतले केस काढत राहिली. "फोन तू केलास. मला वाटलं, तुला अडचण होतेय माझी."

तेवढ्यात फोन वाजला. दादा.

"निघतोय गं. आईचं आवरलं का?"

लेकीने आईकडे पाहिलं. आई फणीकडेच पाहत होती. समोर टकलोबा पडद्याला हात लावून उभा होता. डोळे मिटायला आले होते त्याचे, पण पडदा ओढला नव्हता.

"हॅलो? काय झालं गं? ऐकू येतंय ना?"

"ये तू, दादा. पण नुसता चहाला ये." तिने पाय उन्हात आणखी थोडे पुढे सरकवले. "आई मला हवीय रे. इथेच."