रविवारची चक्कर

आजही नानांची जुनी फियाट सुरू होईना. मागच्या सीटवर सई नटूनथटून बसलेली, आणि आजोबा बनियनवर बॉनेटखाली वाकून प्लग घासत होते. हल्ली सोसायटीचा वॉचमनसुद्धा त्यांना आवाजावरूनच ओळखू येई. तरी ‘नाना, सईला घेऊन गाडी चालवू नका’ हे सासऱ्यांना सांगायला अपूर्वाची जीभ रेटत नव्हती. गाडी बंद आहे तेच बरं, असं ती मनात म्हणत होती.

गाडीच्या दारावर टांगलेल्या नानांच्या शर्टात फोन वाजला. अपूर्वाने तो काढला, तर सोबत इंजिनाचा एक छोटासा भाग हातात आला.

“हे काय, नाना?”

“रोटर. मीच काढलाय. तो नसला की गाडी सुरू होत नाही.” नाना हळूच म्हणाले, “ठेव परत. आणि सईला सांग, गाडी म्हातारी झालीय.”