आबांचा अंगठा

अमळनेरच्या मोटारसायकल शर्यतीत गाड्या एकेक करून सुटत. ज्याचा फेरा सर्वांत कमी वेळात, तो पहिला. गाडीवर बसवले की वेळ आपोआप नोंदवणारे ट्रान्सपाँडर असतात, पण त्यांच्या संचाच्या किमतीत चार जुन्या गाड्या आल्या असत्या. म्हणून वेळ पितांबर आबा स्टॉपवॉचवर घेत. सहा वर्षांत त्यांच्या आकड्यावर कुणी हरकत घेतली नव्हती.

यंदा त्यांच्या मुलीने, फिजिक्स शिकलेल्या संघमित्राने, आठशे रुपयांत एक सेन्सर जुळवला आणि रेषेवर गुपचूप लावून ठेवला. शर्यत संपल्यावर तिने दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. आबांचा अंगठा फार तर एक-दोन दशांश सेकंदांनी चुकत होता. फक्त सात नंबरच्या गाडीला तो तिन्ही फेऱ्यांना अर्धा सेकंद उशिरा पडला होता. सात नंबर म्हणजे आकाश, तिचा भाऊ. यंदाही दुसरा.

"बाबा, हे काय?"

"आपलाच पोरगा पहिला आला, तर उद्या माझ्या घड्याळावर कोण विश्वास ठेवेल?"

ती तडक शर्यत भरवणाऱ्या क्लबच्या अध्यक्षांकडे, प्रेमराजभाऊंकडे गेली आणि सेन्सरची यादी पुढे ठेवली. तिच्यात आकाश पहिला होता. प्रेमराजभाऊंनी ती नीट वाचली आणि हसत परत केली.

"ताई, मशीन तुझं, भाऊबी तुझा. आपल्याला आबांचंच घड्याळ खरं शे. सहा वर्षांत त्यांनी पोराला एकदा तरी पहिला येऊ दिला का?"