दोनच्या गोळ्या

दोन वाजून गेले तरी संस्कृतीचा पत्ता नव्हता. फोन लागत नव्हता. सकाळी पुढच्या महिन्याची औषधं आणायला बारामतीला गेलेली सून अजून डाळजला परतली नव्हती, आणि सासऱ्याच्या फिटच्या गोळीची वेळ टळत चालली होती. ही गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं.

सासू कुशाबाई नवऱ्याच्या खाटेशी उभी होती. सर्जेराव, म्हणजे अख्ख्या गावाचे आबा, टक्क जागे होते. त्यांच्या नाकातून निघालेली नळी गालावरच्या चिकटपट्टीखालून खांद्याकडं गेली होती. लकव्यानं गिळणं गेलं तेव्हापासून पेज, दूध, औषध सगळं या नळीतूनच जायचं. आणि ती नळी होती सुनेच्या ताब्यात.

त्याला कारण कुशाबाईच होती. दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी तिनं सगळ्या गोळ्या एकदम खलबत्त्यात कुटल्या, दुधात कालवल्या आणि नळीत ढकलल्या. नळी तुंबली. आबांना उलट्या पावली भिगवणला न्यावं लागलं. नवी नळी घालताना त्यांच्या नाकातून रक्त आलं. घरी आल्यावर संस्कृती हळूच म्हणाली, "आत्या, तुमाला दाखवू का कसं द्यायचं?" तेही पाव्हण्यारावळ्यांनी भरलेल्या घरात! कुशाबाई कडाडली, "चाळीस वर्सं ह्यांना खाऊ घालतीया मी. आन् तू मला शिकवनार?" संस्कृतीनं मान खाली घातली. दाखवते म्हणून पुन्हा कधी तिनं तोंड उघडलं नाही.

तेव्हापासून कुशाबाईचा नुसता जळफळाट चालला होता. लग्नाच्या पंगतीतसुद्धा बायको वाढायला आल्याशिवाय या माणसानं कधी घास मोडला नव्हता, आणि आता त्याचं पोट दुसरीच भरत होती. सगळ्यात झोंबायचं ते सुनेचं बोलणं. "आबा, आधी पाठीला लोड. आडवं ऱ्हायचं न्हाय. नळीवरची खूण नाकाशीच हाय ना, बघू. आता साधं पानी." रोज तिन्ही वेळा, खणखणीत आवाजात. अहो, साखर कारखान्याच्या मिलवर तीस वर्षं काढून आबांचे कान कधीच गेले होते! त्यांच्याशी बोलायचं ते हातावर थोपटून, खुणेनं, आणि ती विद्या एकट्या कुशाबाईची. मग बहिऱ्यापुढं एवढं ओरडायचं कशाला? गल्लीला ऐकू जावं, सून किती गुणाची ते कळावं, म्हणूनच ना! कुशाबाई शेजारच्या बानूबाईच्या ओट्यावर बसून सुनेची हुबेहूब नक्कल करायची, हातवाऱ्यांसकट. बानूबाई हसून हसून बेजार व्हायची.

आत्ताही दारात बानूबाईच आली.

"वाट कसली बघतीस? भिगवनच्या रस्त्याला उसाची ट्रॉली उलटलीया म्हनं. टाक समद्या कुटून दुधात, आन् दे."

खलबत्ता समोरच होता. कुशाबाईनं हात पुढं केला आणि मागं घेतला. आबांचं रक्तानं भरलेलं नाक तिला आठवलं. मग तिनं पदर खोचला आणि साबणानं हात धुतले.

आबांच्या पाठीला लोड लावला. नळीवरची खूण नाकाशीच होती. आणि तिच्या ओठांवर आपसूक ती नक्कल आली, अगदी त्याच सुरात. "आता साधं पानी, आबा." बानूबाई सवयीनं हसली. कुशाबाई हसत नव्हती.

नळीला लावलेल्या सिरिंजमधलं पाणी पुढं सरकेना. अंगठा जोर लावायला शिवशिवत होता. "जोर न्हाय करायचा, आबा. आधी नळी कुठं दुमडली का बघायचं." तिनं चाचपलं. नळी आबांच्या खांद्याखाली दबली होती. ती सोडवली तसं पाणी सुरळीत गेलं.

"एक एक गोळी येगळी. बारीक पूड. पान्यात, दुधात न्हाय." दोन चमच्यांमध्ये दाबून तिनं फिटच्या गोळीचा भुगा केला, वाटीभर नाही, घोटभर पाण्यात विरघळवला आणि घातला. मग पाणी. मग दुसरी गोळी. परत पाणी. "लाल चकचकीत गोळी फोडायची न्हाय. तिच्या जागी डॉक्टरांनी बाटलीतलं औषध दिलंय." तेही गेलं. शेवटचं पाणी घालून तिनं नळीला बूच लावलं. आबांनी धडधाकट हात उचलला आणि तिच्या मनगटावर दोनदा थोपटलं. कुशाबाईला रडू फुटलं.

साडेतीनला संस्कृती धापा टाकत आली. ट्रॉलीपायी अडकलेली, मोबाइल बंद पडलेला.

"आत्या, गोळी?" एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग तिला दिसल्या वेगवेगळ्या वाट्या, धुऊन ठेवलेली सिरिंज, लोडाला टेकून बसलेले आबा आणि कोपऱ्यातला कोरडा खलबत्ता. हातातली औषधांची पिशवी तिनं खाली ठेवली.

"दिल्या समद्या," कुशाबाई डोळे पुसून ठसक्यात म्हणाली. "आन् मला कुनी शिकवलं न्हाय."

"व्हय की, आत्या," संस्कृती घाम पुसत हसली. "मी आपली रोज आबांनाच सांगत हुते."