कोठाराखालचा माणूस

"मास्तर, तुमचे उपकार कसे फेडायचे!" संशोधक बाईंनी खड्ड्यातूनच हाक मारली. "तुम्ही लिहिलंत तिथेच निघाला. अगदी तिथेच!"

मास्तरांनी वाकून पाहिलं. किल्ल्याच्या धान्यकोठारातल्या चार फरश्या उचलून भिंतीला टेकवल्या होत्या. कमरेइतकं खाली, ओल्या मातीत, एका कवटीचं कपाळ उघडं पडलं होतं. बाकीचा सांगाडा अजून मातीतच होता. मास्तर मागे सरकले. त्यांनी भिंत धरली.

"बघा, आनंदाने उभं राहवेना त्यांना," बाई सहकाऱ्याला म्हणाल्या.

आनंद कसला! त्या कोठाराखाली कोणी असूच शकत नव्हतं. तो माणूस मास्तरांनी स्वतः, घरच्या खुर्चीत बसून, पेनाने मारला होता.

टेकडीचा खरा इतिहास चार ओळींत मावणारा होता. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कोण्या लोकांनी माथ्याभोवती माती-दगडांचा तट रचला आणि गुरंढोरं, पोरंबाळं घेऊन ते आत राहिले. पुढे त्याच तटावर एका सरदाराने दगडी किल्ला चढवला. तीन पिढ्यांत पाण्याची टाकी आटली आणि माणसं मुकाट्याने उतरून गेली. ना लढाई, ना फितुरी. छपरं कोसळली, घडीव दगड खालच्या लोकांनी घरं बांधायला नेले. संपलं.

तिकीटखिडकीवर विकायला पुस्तिका लिहा, असं नगरपालिकेने सांगितलं, तेव्हा मास्तर शाळेत इतिहास शिकवत होते. महिनाभर ते डोकं धरून बसले. तहानेने ओस पडलेला किल्ला बघायला कोण कुत्रं येणार? शेवटी त्यांनी शेवटच्या सरदाराला एक धाकटा भाऊ दिला. मग भाऊबंदकी दिली. मग एका मेजवानीनंतर थोरल्याकडून धाकट्याचा गळा आवळवला.

पुस्तिकेच्या अकरा आवृत्त्या निघाल्या. लोक कोठारात उभं राहून हळहळू लागले. मास्तरांचे सत्कार झाले, रस्त्याने जाताना अनोळखी माणसं हात जोडू लागली. आता पंचवीस वर्षांनी त्यांना स्वतःलाही त्या धाकट्याचा चेहरा आठवायचा!

बाई शिडीवरून वर आल्या. हात झटकत म्हणाल्या, "खरं सांगते, तुमची पुस्तिका वाचली नसती तर मी इथे कुदळ लावलीच नसती. आधार काय होता तुमचा? जुने कागद?"

"तोंडी," मास्तर म्हणाले.

"कोणाच्या तोंडचं?"

"आमच्या... घरातलंच एक माणूस."

"वा! उद्या सगळा सांगाडा मोकळा करू. हाडं तपासणीला गेली की नेमका काळही कळेल. परवा सगळ्यांसमोर तुमचं नाव घेणार आहे मी."

मास्तर पायऱ्या उतरू लागले. वाटेत त्यांच्या लक्षात आलं, आपण चुकून खरंच बोलून गेलो. कोठार त्यांचं नव्हतंच. ते ताईचं.

त्यांची थोरली बहीण किल्ल्याचा कानाकोपरा ओळखायची. तिचा नवरा तिथला पहारेकरी होता. दरवाजाशेजारच्या दोन खोल्यांत दोघांचा संसार होता. पुढे तो तिकीटखिडकीवरच्या बाईचा हात धरून पळून गेला. गावभर बोभाटा झाला. ताई एक ट्रंक घेऊन भावाकडे आली. ना रडली, ना पुन्हा कधी नवऱ्याचं नाव काढलं. वर्षभराने मास्तर पुस्तिका लिहीत होते, तेव्हा मन रमावं म्हणून त्यांनी तिला कच्चा मजकूर सुवाच्य उतरवायला दिला.

त्या मजकुरात प्रेत तटावरून दरीत फेकलेलं होतं. ताई लिहिता लिहिता थांबली होती.

"हे कोणाला पटणार नाही रे. दरीत फेकलेलं प्रेत दुसऱ्या दिवशी कावळे दाखवतात. कोठारात पुरलं म्हण. तिथल्या फरश्या सुट्या आहेत."

मास्तरांना ते झकास वाटलं होतं.

घर येईपर्यंत त्यांचा निश्चय झाला. नाक कापलं गेलं तरी चालेल, पण बाईंना खरं सांगायचं. आयुष्यभर मुलांना 'इतिहासात लबाडी चालत नाही' म्हणून बजावलं आणि म्हातारपणी लबाडीवर हार घालून घ्यायचे? छे!

ताई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मास्तर चपला न काढताच आत आले आणि तिच्यासमोर खुर्चीत कोसळले.

"ताई, माझी अब्रू जाणार."

"काय झालं? आधी पाणी पी."

"पाणी राहू दे. पुस्तिकेतला तो खून मी मनानेच लिहिला, तुला तर ठाऊक आहे."

"मग? इतक्या वर्षांत कोणाचं काय बिघडलं त्याने?"

"आज त्या बाईंनी कोठार खणलं."

ताईचे हात थांबले.

"आणि सापडला गं! जो जन्मालाच आला नव्हता, तो माणूस सापडला! मी या डोळ्यांनी कवटी पाहिली. मला वेड लागायची पाळी आलीय. उद्या जातो आणि सगळं कबूल करतो. मला खोटारडा म्हणोत, काय वाटेल ते म्हणोत. पण मला एवढंच सांग, तिथे माणूस आला कुठून?"

ताईने हातातली शेंग खाली ठेवली. पदराला बोटं पुसली.

"एकच सापडला?" तिने विचारलं.