शनिवारची गाडी

प्रणितने बॉनेटवर हात ठेवला. गार. जांभळीच्या सावलीतली ती काळी जर्मन गाडी आज जागची हललेली नव्हती, हे नक्की. त्याला हायसं वाटलं, पण घटकाभरच.

हरेश मेकॅनिकने त्याला बजावून ठेवलं होतं, "न सांगता जा. विकणारे आधीच इंजिन तापवून ठेवतात, मग दुखणं कळत नाही. गाडी गार असली, तरच चावी फिरव." म्हणून तर तो शनिवारी भर दुपारी, फोनबिन न करता, रोडपालीहून थेट जुन्या पनवेलात मनासेकाकांच्या दारात येऊन धडकला होता.

"काका, चावी द्या ना. एकदा चालू करून बघतो."

"आज नाही." मनासे व्हरांड्यातल्या खुर्चीतून म्हणाले. गुडघे दुखरे, मुलगी जेरुशा परदेशात. गाडी चालवणारं आता घरात कोणी नव्हतं. "आज शनिवार आहे."

"शनवारी लोखंड घेऊ नये, ते आमी पन मानतो. पन मी घेत कुठं हाय? नुसता बघतोय."

"बघ की. मात्र चावी आणि गाडीचं बोलणं संध्याकाळी, चांदण्या दिसल्यावर. तोवर बस, सरबत घे."

झालं. प्रणितच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. चावी द्यायला चांदण्या कशाला लागतात? तेवढ्यात कोणाला तरी बोलावून दुखणं झाकायचं असणार. तो बसला, उठला, गाडीभोवती फिरला. काचेला नाक लावून आत डोकावला. चांगली पँट धुळीत लोळवून गाडीखाली तेल गळतंय का तेही पाहून आला. जमीन कोरडी होती. तरी त्याचं समाधान झालं नाही. पुसून घेतली असेल.

दुधाने तोंड पोळलं होतं ना त्याचं! थोरल्या बहिणीच्या, भावनाच्या लग्नात त्याने हौसेने घेतलेली जुनी गाडी नवरीसकट कळंबोली सर्कलला बंद पडली होती. शालू सावरत भावना मांडववाल्याच्या टेम्पोत चढली आणि खुर्च्यांच्या थप्पीला टेकून हॉलवर पोचली. ती ते कधीच विसरून गेली. गाव विसरलं नाही. प्रणितला अजून सगळे 'टेम्पो' म्हणूनच हाक मारत. आता धाकटी दिपिका पुढच्या रविवारी बोहल्यावर चढणार होती. "दादा, मला रिक्षा पन चालंल," ती बिचारी म्हणाली, तर हा तिच्यावर खेकसला होता. या वेळी नवरी अशा गाडीतून उतरणार होती, की बघणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत.

बसल्या बसल्या त्याने हे सगळं मनासेंना सांगूनही टाकलं. अस्वस्थ माणसाच्या तोंडाला झाकण नसतं. 'कळंबोली सर्कल' हे शब्द ऐकताच मनासेंनी काही बोलायला तोंड उघडलं, गाडीकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटलं.

प्रणितने ते टिपलं. नक्कीच पाणी मुरतंय! तो उठून फाटकाशी गेला आणि त्याने आईला, चंद्रावतीला, फोन लावला.

"आई, ह्यो म्हातारा काय तरी लपवतोय. शनवार हाय म्हनून चावी देत नाय."

"नाव काय त्याचा?"

"मनासे."

"आरं येड्या, ते शनवार तेली!" आई हसत सुटली. "ज्यू लोक. पूर्वी तेलाचा घाना चालवायची. शुक्रवारी दिवस बुडाला का शनवारी चांदन्या दिसंपर्यंत घान्याला बैल नाय जुपायची, मग गिऱ्हाईक दारात रडू दे नायतर पडू दे. गपचूप बस तिथं."

प्रणित गपचूप बसला. म्हणजे पाय हलवत बसला. काल सूर्य बुडाल्यापासून गाडी अशीच उभी होती तर. याहून गार इंजिन त्याला अख्ख्या रायगड जिल्ह्यात मिळालं नसतं.

अखेर जांभळीच्या वर तीन चांदण्या दिसल्या. मनासे आत गेले, हलक्या आवाजात प्रार्थना म्हणून आले आणि चावी त्यांनी स्वतःच प्रणितच्या हातात ठेवली.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. ना खरखर, ना धूर. मांजराने मांडीवर गुरगुरावं तसा आवाज. प्रणितच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"काका, घेतली!"

"थांब. गार असली की ही अशीच गोड वागते," मनासे खिडकीशी वाकून म्हणाले. "तापली आणि गर्दीत अडकली, की गिअर धरून बसते. मग ढकलूनसुद्धा हलत नाही. माझ्यावर दोनदा वेळ आली. दोन्ही वेळा कळंबोली सर्कललाच. आधी बघून गेले त्यांनाही हेच सांगितलं, म्हणून तर अजून इथे उभी आहे."

प्रणितचा हात स्टिअरिंगवर तसाच राहिला. "मग दुपारीच का नाय सांगितलात? सहा तास माझा जीव टांगणीला लागला होता."

"शनिवारी व्यवहाराचं बोलत नाही. फायद्याचं नाही, तसं तोट्याचंही नाही. तू लग्नाचं सांगत होतास, तेव्हा मात्र गप्प राहणं मला फार जड गेलं."

प्रणितने गाडी बंद केली. चावी परत करताना दुपारपासून पहिल्यांदाच त्याचे पाय स्थिर होते. त्याने खिशातून लग्नपत्रिका काढली आणि पुढे केली.

"रविवारी आहे ना? मग येतो की," चष्मा वर सरकवत मनासे म्हणाले. "रिक्षाने येईन. ती वेळेवर पोचवते."

प्रणित हसला, आणि फाटकाबाहेर पडता पडता त्याने फोन लावला.

"दिपे, ऐक गो. तू त्या दिवशी रिक्षाचा काय म्हनत होतीस?"