नातेवाइकांशी कसं बोलावं

तक्ते लावले की पोरी जांभया द्यायच्या, फिल्म दाखवली की डुलक्या काढायच्या. म्हणून नर्सिंगच्या बाईंनी आज वर्गात नाटकच बसवलं. एका मुलीनं सिस्टर व्हायचं, बाईंनी पेशंटची लेक. पेशंट म्हणजे म्हातारे वडील, नुकतेच गेलेले.

मुलीनं शेजारी बसून बाईंचा हात हातात घेतला आणि हलक्या आवाजात सगळं नीट सांगितलं.

बाईंनी विचारलं, "सिस्टर, शेवटी त्यानं मला 'आई' म्हणून हाक मारली का हो?"

वर्गात खसखस पिकली; बाई तर लेक झाल्या होत्या, आई नव्हे. मुलगी गोंधळली. मग बाईंच्या डोळ्यांकडे बघून म्हणाली, "हो. दोनदा."

"चुकलीस. नातेवाइकांना खोटं सांगायचं नसतं."

हात मात्र बाईंनी सोडला नाही.

"पुन्हा एकदा सांगा ना, सिस्टर."